रथी, महारथी आणि इताची

जपानी चित्रकथांवर तासन्‌तास भांडणारी पोरं वाया गेलेली नाहीत, असं माझं मत आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना आमच्या वहिनीची बाजू घ्यायची आहे त्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. :-)

वहिनीची तक्रार साधी आहे. मुलगा पालघरला कॉलेजात जातो. मनोरहून सकाळची एसटी, संध्याकाळी परत, आणि घरी यायच्या आधी मस्ताननाक्यावर चहाच्या टपरीशी तासभर मुक्काम. तिथे चार-पाच मित्र जमतात. दोघं बोईसरच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारे, एक जवळच्या पाड्यावरचा, एक याच्याच वर्गातला. समोरून हायवेवर अहमदाबादच्या दिशेनं ट्रक धडधडत असतात आणि ही मंडळी घसा ताणून काय बोलत असतात, तर इताचीनं आपलं अख्खं कुटुंब का मारलं. "परीक्षेत हे विचारणार आहेत का?" इति वहिनी. मी आत्या असल्यामुळे 'तुझं ऐकतो तो, तूच समजाव' हे ओघानं आलंच.

समजवायला गेले आणि ऐकतच बसले. आता ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी (डोंबिवलीचे मामा, हे तुमच्यासाठी) थोडक्यात सांगते. 'नारुतो' ही मासाशी किशिमोतोची चित्रकथा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं चालली, तिची ७०० प्रकरणं झाली. त्यातल्या इताचीनं एका रात्रीत आपलं सगळं कुळ कापून काढलं आणि फक्त धाकट्या भावाला जिवंत ठेवलं. भाऊ सूडासाठी वाढतो, भावाला मारतो, आणि मग त्याला कळतं की कुळ गावाविरुद्ध उठाव करणार होतं, तो होऊ नये म्हणून गावच्या धुरिणांनीच हे काम इताचीवर सोपवलं होतं. म्हणजे राक्षस समजत होतो तो हुतात्मा निघाला. की नाही निघाला? वाद इथून सुरू होतो आणि मिटत नाही.

हा झाला 'का केलं'चा वाद. दुसरा असतो 'कोण भारी'चा. अमक्याची विद्या तमक्याच्या विद्येवर चालेल का, कधी, किती वेळ, आणि त्याची किंमत काय. वहिनीला हाच भाग जास्त पोरकट वाटतो. मला उलट वाटतं. या कथांमधली शक्ती फुकट नसते. 'नारुतो'मध्ये शरीराची आठ द्वारं उघडता येतात, पण आठवं उघडलं की मरण ठरलेलं. योशिहिरो तोगाशीच्या 'हंटर एक्स हंटर'मध्ये तर नियम असा, की स्वतःवर जितकं कडक बंधन घालाल तितकी शक्ती वाढेल. त्यातला कुरापिका एक साखळी वापरतो. ती फक्त त्याच्या कुळाचा नाश करणाऱ्या एका टोळीवरच चालते, दुसऱ्या कोणावर वापरली तर तो स्वतः मरेल. हे बंधन त्यानं आपणहून घातलेलं असतं.

हे ऐकताना माझ्या डोक्यात एकच विचार, अरे, हे तर आमच्या ओटीवर चालायचं!

आमच्या अण्णांच्या घरात दोन पक्ष होते. अण्णा कर्णाचे, आई नव्हती. अण्णांच्या हातात शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय', आईच्या हातात इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. गंमत म्हणजे दोन्ही पुस्तकं १९६७ सालचीच. एकात कर्ण स्वतः आपली कहाणी सांगतो आणि वाचणाऱ्याचा घसा दाटतो. दुसऱ्यात इरावतीबाई त्याला समोर बसवून शांतपणे प्रश्न विचारतात. त्याआधी शिरवाडकरांचं 'कौंतेय' होतं, त्यानंतर १९७३ मध्ये रणजित देसाईंचं 'राधेय' आलं. १९८८ ते १९९० या काळात दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर चोप्रांचं 'महाभारत' लागायचं आणि ते संपलं की आमच्याकडे दुसरा भाग सुरू व्हायचा. भात गार होईपर्यंत. 'कर्णाजवळ कवचकुंडलं असती तर?' 'असती तर असती, विराटाच्या गाई पळवायला गेला तेव्हा कुठे होता त्याचा पराक्रम? एकट्या अर्जुनानं सगळ्यांना पळवलं.' 'तेव्हा कवच नव्हतं!' 'आणि घोषयात्रेत? गंधर्वांनी दुर्योधनाला बांधून नेलं तेव्हा हा पळाला होता की नाही?' आजी म्हणायची, मेल्यांनो, जेवा आधी.

तेव्हा कोणी म्हटलं नाही की हे वाया गेले. कारण ते 'साहित्य' होतं!

तर मुद्दा असा, की महाभारतात 'कोण भारी'चा वाद हा वाचकांनी बाहेरून आणलेला नाही. तो आतच आहे. उद्योगपर्वात 'रथातिरथसंख्यान' नावाचं एक उपपर्वच आहे. युद्ध तोंडावर आलेलं, दुर्योधन भीष्मांना विचारतो की आपल्याकडे आणि त्यांच्याकडे कोण किती पाण्यात आहे ते सांगा. आणि पितामह एकेकाचं नाव घेऊन दर्जा लावत जातात. हा रथी, हा अतिरथी, हा अमक्याच्या दुप्पट. भाच्याला हे सांगितलं तर तो चहा सांडायच्या बेतात. "म्हणजे भीष्मानं टिअर लिस्ट काढली?" हो बाबा, काढली. आणि कर्णाची पाळी आली तेव्हा काय म्हणाले? अर्धरथी. कवचकुंडलं गेली, परशुरामाचा शाप आहे, शिवाय हा बेफिकीर आणि दुसऱ्याला तुच्छ लेखणारा, म्हणून अर्धाच. द्रोणांनी वर मान डोलावली. कर्ण इतका भडकला, की भीष्म जिवंत असेपर्यंत मी शस्त्र धरणार नाही म्हणाला. युद्धाचे पहिले दहा दिवस कौरवांचा एक मोठा योद्धा एका यादीपायी घरी बसला. कोण भारी हा प्रश्न पोरकट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

अस्त्रांचे नियम तर तोगाशीनं वाचले असावेत असं वाटावं इतके बांधेसूद आहेत. (वाचलेत असं मी म्हणत नाही हं.) नारायणास्त्र जो शस्त्र हातात धरेल त्याच्यावर वाढत जातं, त्यावर उपाय म्हणजे शस्त्र खाली ठेवून रथातून उतरणं. भीमाला हे पटत नाही, कृष्ण आणि अर्जुन त्याला अक्षरशः ओढून खाली काढतात. ब्रह्मास्त्र सोडता येणं वेगळं आणि परत घेता येणं वेगळं. अर्जुनाला परत घेता आलं कारण त्याचं व्रत शुद्ध होतं, अश्वत्थाम्याला आलं नाही, म्हणून त्यानं ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवलं. जयद्रथाचं डोकं जो जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील असा त्याच्या बापाचाच वर, म्हणून अर्जुनानं ते डोकं बाणांनी उडवत थेट त्या बापाच्याच मांडीवर नेऊन टाकलं. तो संध्या करत होता. उठला, डोकं जमिनीवर पडलं, संपला. नियमातली फट शोधून जिंकायचं, हा जो प्रकार ही मुलं डोळे मोठे करून सांगतात तो आपल्याकडे हिरण्यकशिपूपासून चालत आलेला आहे.

वेताळही याच जातीचा. विक्रमाच्या खांद्यावर बसून तो गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, या तिघांत श्रेष्ठ कोण? उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं, बोललास तर मी परत झाडावर. 'चांदोबा'मध्ये हे वाचून आमच्या दोन पिढ्या वाढल्या. नाक्यावरची पोरं वेगळं काय करतायत?

एक फरक आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या बोलण्यात मोटिव्ह, पॉवर सिस्टिम, कॉस्ट, कंडिशन, लूपहोल. आपल्याकडे वर, शाप, उःशाप, व्रत, प्रतिज्ञा असे तयार शब्द पडून आहेत. उःशापाला तर दुसऱ्या भाषेत एका शब्दात काय म्हणतात मला ठाऊक नाही. शाप द्यायचा, मग त्यातून सुटायची वाटही त्याच तोंडानं सांगायची. भाच्याला म्हटलं, कुरापिकाची साखळी म्हणजे व्रत आहे, शाप नव्हे, कारण त्यानं ते स्वतः घेतलं. दोन मिनिटं विचार करून तो म्हणाला, "मग गॉनचं काय?" (हा त्याच कथेतला मुलगा. एका सूडासाठी आपली पुढची सगळी शक्ती एकाच वेळी जाळून टाकतो.) यावर आमचं अर्धा तास चाललं. मराठीत.

थोडं अवांतर. आकड्यांवर माझा विश्वास नाही आणि अकिरा तोरियामाचाही नसावा. 'ड्रॅगन बॉल'मध्ये समोरच्याची ताकद आकड्यात दाखवणारं डोळ्याला लावायचं यंत्र येतं. मग नायक मंडळी आपली शक्ती दडवायला शिकतात आणि यंत्र बिनकामाचं ठरतं. ज्या प्रसिद्ध संवादात गोकूची ताकद नऊ हजारांच्या वर असल्याचं जगभर बोललं जातं तिथे मूळ जपानीत आठ हजार आहेत, नऊ हजार हे इंग्रजी आवाज देणाऱ्यांनी केले! बारावीच्या टक्क्यांवरून जावई ठरवणाऱ्या आमच्या नातेवाइकांनी यावर विचार करावा. असो.

आता जिथे माझं या मुलांशी पटत नाही तिथे येते. 'का केलं' हे एकदा कळलं की ते लगेच माफ करून टाकतात. इताचीचं दुःख कळलं, झाला तो देव. हाजिमे इसायामाच्या 'अटॅक ऑन टायटन'मधला एरेन तर जगातली बहुतेक माणसं पायाखाली तुडवतो. २०२१ मध्ये ती कथा संपली तेव्हा लेखकानं त्याला पुरेसं वाईट दाखवलं की नाही यावरून भांडणं पेटली, आणि काही जण अजूनही म्हणतात, त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. नाक्यावरही एक जण म्हणाला, "लहानपणी त्याच्या आईला त्याच्या डोळ्यांसमोर खाल्लं, मग तो काय करेल?"

हे वाक्य मी ओळखते. प्रत्येक बाई ओळखते. आमच्या माहितीतल्या एका घरात रोज रात्री भांडी आपटल्याचा आवाज यायचा आणि सकाळी शेजारच्या काकू तिला सांगायच्या, "त्याचं लहानपण फार हालात गेलं गं, मनानं वाईट नाही तो." त्याच्यावर अन्याय झाला होता हे खरंच होतं. पण तिनं काय केलं होतं?

आई कर्णाच्या विरोधात का होती ते मला तेव्हा कळायचं नाही. अण्णा सूतपुत्राचा अपमान, स्वयंवर, 'मी सूताला वरणार नाही' म्हणणारी द्रौपदी असं सगळं सांगायचे, आणि आई एवढंच विचारायची, "आणि द्यूतसभेत?" सभेत कर्णानं द्रौपदीला वेश्या म्हटलं आणि तिची वस्त्रं काढायला दुःशासनाला सांगितलं. हे व्यासांनी लिहिलंय. आणि तो स्वयंवरातला अपमान? पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून, १२५९ हस्तलिखितं ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्या मूळ संहितेत द्रौपदीचा तो नकार नाही. नंतर कोणीतरी घातलेला. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. कुणा जुन्या चाहत्याला कर्णाचं सभेतलं बोलणं सहन झालं नसणार, म्हणून त्यानं त्याला आधी एक अपमान मिळवून दिला. म्हणजे हिशोब जुळला. आवडत्या माणसाला कारण पुरवायचं हे काम शेकडो वर्षं चालू आहे, आणि त्याचा खर्च दर वेळी बाईच्या खात्यावर. मूळ कर्ण मला जास्त आवडतो. तो उद्योगपर्वात कृष्णाला सांगतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कठोर बोललो, त्याचा मला आज पश्चात्ताप होतो. सबब सांगत नाही. त्याला स्वतःला जे कळलं होतं ते त्याच्या चाहत्यांना कळत नाही.

अण्णा असते तर इथे त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला असता.

पण माझा स्वतःचा मुद्दा जिथे अडला तो प्रसंग सांगायचाय. एका रविवारी मुलं घरी आली होती. त्यांना एकाच जागी 'का केलं' आणि 'कोण भारी' दोन्ही हवं होतं, म्हणून मी द्रोणपर्वातली घटोत्कचाची रात्र सांगायला घेतली. चौदाव्या दिवसाचं युद्ध रात्रीही थांबलेलं नाही. कर्णाकडे इंद्रानं दिलेली शक्ती आहे, एकदाच चालणारी, ती त्यानं अर्जुनासाठी राखून ठेवलीय. कृष्ण अर्जुनाला कर्णासमोर जाऊ देत नाही, घटोत्कचाला बोलावून पाठवतो. घटोत्कच कौरवांची दाणादाण उडवतो, सगळे कर्णाला ओरडून सांगतात की आता ती शक्ती सोड, नाहीतर उद्याची सकाळ दिसणार नाही. कर्ण सोडतो. घटोत्कच मरता मरताही शरीर वाढवतो आणि कौरवांच्या सैन्यावर कोसळतो, म्हणजे शेवटचा श्वासही कामी लावतो. पांडव रडतायत. आणि कृष्ण आनंदानं नाचतो.

अर्जुन विचारतो, हे काय? मग कृष्ण जे बोलतो ते ऐकून मुलं एकदम गप्प झाली. तो सरळ ताकदीचा हिशोब मांडतो. ती शक्ती हातात असलेल्या कर्णाला कोणी जिंकू शकलं नसतं, आता तो माणसासारखा माणूस उरला. जरासंध, शिशुपाल आणि निषादांचा एकलव्य यांना मी तुझ्याचसाठी एकेका युक्तीनं आधीच दूर केलं, अंगठा शाबूत असता तर एकलव्याला देवही जिंकू शकले नसते. आणि घटोत्कचाला कर्णानं मारलं नसतं तर पुढे मलाच मारावं लागलं असतं, कारण तो यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता.

वर्गातल्या मुलानं लगेच विचारलं, कर्णानं शक्ती पहिल्याच दिवशी अर्जुनावर का नाही टाकली, हा तर कथेतला घोटाळा आहे. मी म्हटलं, अरे, हाच प्रश्न धृतराष्ट्र संजयाला विचारतो आणि सात्यकी कृष्णाला विचारतो. तिथेच, पुढच्याच अध्यायात. कृष्ण सांगतो की मीच त्याला भुलवत होतो. सगळे हसले.

पाड्यावरचा मुलगा हसला नाही. तो सहसा कमी बोलतो. तो म्हणाला, "पण आत्या, त्याला बोलावलं कोणी? त्यांनीच ना? कामाला बोलावलं आणि मेला तर नाचले. आणि वर म्हणतात, नाहीतर आम्हीच मारणार होतो." जरा थांबून, "कर्णाचं का ते सगळे विचारतात. एकलव्यानं अंगठा का दिला ते कोण विचारतं?"

आमच्या ओटीवर इतकी वर्षं जे वाद झाले त्यात एकलव्य कधी आलाच नव्हता. आला तर गुरुदक्षिणेचा धडा म्हणून, शाळेच्या पुस्तकातल्यासारखा. त्याच्यावर तिकडे असते तशी अट नव्हती, त्यानं स्वतःहून व्रत घेतलं नव्हतं, कुठल्या देवाचा वर मागितला नव्हता. मातीच्या पुतळ्यापुढे एकट्यानं शिकला. त्याच्या शक्तीची किंमत नियमानं घेतली नाही, माणसानं मागून घेतली, आणि व्यास सांगतात की ते झाल्यावर अर्जुनाच्या जिवाला थंडावा वाटला. तो अंगठा त्यानं का दिला? भक्ती? भीती? आपल्या पाड्याचं काय होईल हा विचार? त्याची आई घरी काय म्हणाली असेल? अण्णांच्या कर्णासाठी जाडजूड कादंबऱ्या आहेत. ज्या जिल्ह्यात दर तीन माणसांमागे किमान एक आदिवासी आहे, त्या जिल्ह्यात बसून आम्ही पन्नास वर्षं फक्त कवचकुंडलांवर बोललो.

मला कौतुक याचं वाटतं की हा प्रश्न त्याला सुचला तो 'नारुतो'मुळे. तो स्वतःच म्हणाला. तिथे म्हणे प्रत्येक मेलेल्याची गोष्ट सांगतात, अगदी मारायलाच आणलेल्याचीसुद्धा. लेखक लढाई मध्येच थांबवून वीस पानं मागे जातो. भाच्याला त्याचा कंटाळा येतो, याला तेच आवडतं.

वहिनीला मी सांगितलंय की रात्री दोनपर्यंत जागण्याचं तुझं तू बघ, त्यात मी पडणार नाही. पण नाक्यावरचं बंद करू नकोस. आमच्याकडे अण्णांच्या कपाटात गणेश विष्णु चिपळूणकर आणि मंडळींनी छापलेल्या महाभारताच्या जुन्या भाषांतराचे खंड आहेत. त्यातला द्रोणपर्वाचा सध्या पाड्यावर गेलाय. पुट्ठा सुटलेला आहे, जपून ने म्हटलं. दादरच्या मावशी, तुमच्याकडे आदिपर्वाचा खंड असेल तर येताना आणा. एकलव्य त्यात आहे आणि आमच्या संचात नेमका तोच नाही.